आकड्यापुढचे एकक

फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, पहाटे साडेचारला मुलुंडहून निघून कल्याण, माळशेज घाट, आळेफाटा करीत आम्ही नारायणगावला पोहोचलो आणि तेथून पूर्वेला वळून खोडदला. बरोबर माझी पुतणी होती. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा बेत तिचाच, मी केवळ गाडीचा चालक आणि डब्यांचा राखणदार. प्रवेशद्वारापाशीच मोबाइल बंद करण्याची सूचना मिळाली. एवढ्या प्रचंड यंत्रांना माझ्या खिशातल्या चिमुकल्या यंत्राचे काय भय, असे मला वाटले. त्यावर पुतणी म्हणाली, "काका, तारे जेवढ्या आवाजात बोलतात त्याच्या तुलनेत तुमचा मोबाइल म्हणजे कानाशी वाजणारा ढोल आहे."

जीएमआरटी या नावाने ओळखली जाणारी ही रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रामार्फत ती चालविली जाते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. जवळून पाहिल्यावर आश्चर्य वाटते ते त्यांच्या हलकेपणाचे. भरीव पत्रा कोठेच नाही. पोलादाच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांसारख्या ताणांवर बसविलेली आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो, म्हणून खर्च कमी. ज्याने आयुष्यभर अंदाजपत्रके तपासली, त्याला ही काटकसर पाहून समाधान वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र आज लिहावयाचे आहे ते या दुर्बिणीने एका रात्री केलेल्या वेगळ्याच कामाविषयी.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपीय अवकाश संस्थेचे शियापारेल्ली नावाचे ५७७ किलो वजनाचे यान मंगळावर उतरणार होते. मोहीम युरोप आणि रशिया यांची संयुक्त. यानाच्या अंगी एक लहानसा रेडिओ होता. त्याचा आवाज पोहोचावयाचा होता तो मंगळाभोवतीच्या उपग्रहांपर्यंत, पृथ्वीपर्यंत नव्हे. परंतु उपग्रहांनी टिपलेली नोंद हाती येण्यास वेळ लागणार होता, आणि उतरण्याची ती सहा मिनिटे घडत असतानाच कळावी अशी सर्वांची इच्छा होती. तो रेडिओ ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होता. इतक्या दुरून एवढा क्षीण ध्वनी या कंपनसंख्येवर ऐकू शकेल, आणि त्या नेमक्या घटकेला मंगळ ज्याच्या माथ्यावरील आकाशात असेल, असा कान पृथ्वीवर कोठे आहे? तो कान खोडदला होता. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजत होते. मंगळ नैऋत्येच्या आकाशात होता.

अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची मंडळी आणि पुण्याच्या केंद्रातील मंडळी यांनी मिळून ही व्यवस्था केली होती. यान युरोपचे, ग्राहक उपकरणाची विद्या अमेरिकेची, तबकड्या जुन्नर तालुक्यातल्या, आणि निकालाची वाट पाहणारी माणसे जर्मनीतील डार्मश्टाट येथे. साडेसतरा कोटी किलोमीटरांहून अधिक अंतर कापून तो सूर पृथ्वीवर येण्यास पावणेदहा मिनिटे लागत होती. 'सूर' हाच शब्द योग्य; कारण खोडदला शब्द कळत नव्हते, केवळ एक अखंड स्वर येत होता. पण यानाचा वेग बदलला की तो स्वर किंचित चढे वा उतरे, जशी स्थानकातून न थांबता जाणाऱ्या जलद गाडीची शिटी बदलते. त्या चढउतारावरून हवाई छत्री उघडल्याचे कळले. पुढे मात्र, उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी, स्वर तुटला.

तो परत आला नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने त्या जागेचे छायाचित्र घेतले आणि शियापारेल्ली आदळल्याचे स्पष्ट झाले.

आता ही कथा येथे संपली असती तर ती एका अपयशाची कथा झाली असती. परंतु मला तीत जे मोलाचे वाटते ते पुढे आहे. युरोपीय संस्थेने चौकशी केली आणि मे २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष जगापुढे ठेवले. छत्री उघडल्यावर यानाला अपेक्षेहून मोठे हेलकावे बसले. फिरण्याचा वेग मोजणारे साधन सुमारे एक सेकंदभर आपल्या मोजमापाच्या कमाल मर्यादेला जाऊन अडकले. त्या एका सेकंदाच्या चुकीच्या नोंदीवर विसंबून संगणकाने हिशेब केला आणि यानाची उंची निघाली शून्याखाली, म्हणजे यान जमिनीच्या खाली गेले आहे असा निष्कर्ष! प्रत्यक्षात ते सुमारे ३.७ किलोमीटर वर होते. संगणकाने प्रामाणिकपणे छत्री सोडून दिली, अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालावयाची इंजिने तीन सेकंदांत बंद केली, आणि उरले ते केवळ पतन.

बँकेतला माणूस येथे थबकतो. रोख शिल्लक कधी उणे येत नाही. आली तर हिशेबनीस लेखणी खाली ठेवतो आणि मागे जातो. उंची उणे आली तेव्हा "हे शक्य नाही" असे म्हणणारे त्या यानात कोणी नव्हते. पण ही चूक युरोपीयांनी लपविली नाही. चूक जाहीर करणे म्हणजे पुढे मंगळावर उतरू पाहणाऱ्या कोणत्याही देशाला, प्रतिस्पर्ध्यालासुद्धा, फुकटात दिलेला धडा.

माहितीच्या देवाणघेवाणीविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा 'देणे' हा शब्द मनात असतो: अमुक देशाने तमुक देशाला तंत्रज्ञान दिले किंवा नाकारले. पण दिलेली माहिती समोरच्याला आपण म्हणतो त्याच अर्थाने वाचता आली का, हा त्याहून अवघड प्रश्न. तो मला फार तरुणपणी कळला, आणि तो शिकविण्यास माझीच चूक कारणी लागली.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी आमच्या बँकेच्या विभागीय कार्यालयात मी शाखांची मासिक पत्रके एकत्र करीत असे. तेव्हा संगणक नव्हते. वीस-बावीस शाखांचे आकडे मोठ्या तावावर उतरवायचे, बेरजा मारायच्या. सर्व शाखा रकमा हजारांत कळवीत. एका शाखेत नवे व्यवस्थापक आले, त्यांनी लाखांत कळविल्या आणि तसे पत्रकाच्या माथ्यावर लहान अक्षरांत लिहिलेही. मी माथा वाचला नाही. त्या शाखेच्या ठेवी एका महिन्यात शंभरपट घटल्याचे पत्रक माझ्या सहीनिशी वर गेले. दोन दिवस फोनाफोनी चालली. शेवटी आमच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "आकडा त्यांचाही खरा आहे, बेरीज तुमचीही खरी आहे. तुम्ही दोघे एकमेकांशी बोललाच नाहीत." रागावले असते तर बरे वाटले असते.

१९९९ साली अमेरिकेच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाची बातमी वाचली तेव्हा मला ते दोन कागद आठवले. यानाची दिशा सावरण्यासाठी लहान झोतयंत्रे अधूनमधून चालविली जात. प्रत्येक वेळी यानाला किती धक्का बसला त्याचे आकडे यान बांधणाऱ्या कंपनीची आज्ञावली एका फाइलमधून मार्गनिर्धारण करणाऱ्यांकडे पाठवी. कंपनीचे आकडे पाउंडांत होते. घेणाऱ्यांनी ते न्यूटनमध्ये आहेत असे धरले. एक पाउंड बल म्हणजे ४.४५ न्यूटन. नऊ महिन्यांच्या प्रवासात ही सूक्ष्म चूक साचत गेली, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या पृष्ठभागापासून अवघ्या सत्तावन्न किलोमीटरांवर गेले. योजना सव्वादोनशेच्या आसपासची होती. ते तेथेच नष्ट झाले. दोन्ही पक्ष एकाच देशाचे, एकच भाषा बोलणारे, एकाच करारात बांधलेले!

चौकशी समितीने आणखी एक गोष्ट नोंदविली. मार्गनिर्धारण करणाऱ्यांपैकी काहींना आकड्यांत विसंगती जाणवली होती, पण ती शंका रीतसर मार्गाने पुढे गेली नाही. हे वाक्य मी दोनदा वाचले. लेखापरीक्षणात आमचे एक जुने सहकारी म्हणत की तोंडी शंका म्हणजे चहाबरोबर प्यायलेली शंका.

म्हणूनच अवकाशसंस्थांनी १९८२ साली एकत्र येऊन यानांच्या संदेशांसाठी समान पद्धती ठरविणारी एक सल्लागार समिती स्थापन केली, ही घटना मला कोणत्याही उड्डाणाइतकी महत्त्वाची वाटते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत. संदेशाचा आरंभ कसा ओळखावा, चूक कशी पकडावी, वेळ कशी लिहावी, असले हे विषय. पण शियापारेल्लीला मंगळापर्यंत घेऊन गेलेल्या युरोपीय उपग्रहावर अमेरिकेने बनविलेले रेडिओसंच बसविलेले आहेत, आणि तोच उपग्रह पुढे मंगळावरील अमेरिकी गाड्यांची माहिती पृथ्वीकडे पाठवू लागला, हे या कंटाळवाण्या कामामुळेच शक्य झाले. ज्यांनी धनादेशावरील छापील संकेतांकांची पट्टी प्रथम आली तेव्हाची कुरकुर ऐकली आहे, त्यांना हे पटेल.

आपल्या देशाने तर अवकाशाचा श्रीगणेशाच या देवाणघेवाणीतून केला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले अग्निबाण उडाले, ते अमेरिकेचे होते; त्याच्या माथ्यावरील सोडियम बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे. रशियाकडूनही मदत आली. एवढी राष्ट्रे, तीही शीतयुद्धाच्या काळात, एका मच्छीमार गावात का आली? दया म्हणून नव्हे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जाते आणि त्यावरील वातावरणाचा अभ्यास करण्यास तशी जागा हवी होती. ती आपल्याकडे होती. जागा शोधण्याच्या कामात मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. आपल्या समाजात विक्रमभाई साराभाईंचे नाव अभिमानाने घेतले जाते, ते घ्यावेच. पण सभांतून केवळ त्यांच्या घराण्याचा उल्लेख होतो आणि ही गोष्ट राहून जाते की आपल्याजवळ काय आहे ते ओळखून त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. २ फेब्रुवारी १९६८ रोजी ते केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण करण्यात आले.

अर्थात सर्व दिवस सारखे नसतात. क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र देण्याचा करार रशियाच्या संस्थेने १९९१ साली केला. पुढच्या वर्षी अमेरिकेने इस्रोवर आणि त्या संस्थेवर निर्बंध लादले, आणि १९९३ मध्ये ठरले की भारताला तयार इंजिने मिळतील, ती कशी बनवावयाची ते मिळणार नाही. स्वतःचे इंजिन घेऊन यशस्वी उड्डाण करण्यास आपल्याला ५ जानेवारी २०१४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्याच जीएसएलव्ही मालिकेतील अग्निबाणाने, भारतीय क्रायोजेनिक इंजिनासह, ३० जुलै २०२५ रोजी निसार हा उपग्रह अवकाशात नेला, आणि त्या उपग्रहावर अमेरिकेचे रडार आहे! नियतीला विनोदबुद्धी असते असे म्हणतात, ते खरे असावे.

निसारवर दोन रडार आहेत, एक अमेरिकेचे आणि एक इस्रोचे. अहमदाबादेत तयार झालेले रडार कॅलिफोर्नियाला गेले, दोन्ही एकत्र जोडून बंगळूरला आली; मोठ्या परावर्तकाचे काही भाग विशेष लेपासाठी पुन्हा कॅलिफोर्नियाला जाऊन आले. प्रत्येक खेपेत किती कागद, किती मोजमापे आणि किती "याचा अर्थ तुम्ही काय घेता?" असे प्रश्न गेले असतील, याची कल्पना करता येते. हा उपग्रह बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. दोन फेऱ्यांतील परावर्तित लहरींची तुलना केली की जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी कळते. ही माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे.

जमीन सरकणे हा शब्द वाचताना मी घाटकोपरला जातो. १२ जुलै २००० रोजी मुसळधार पावसात आझादनगरच्या टेकडीचा कडा वस्तीवर कोसळला आणि साठांहून अधिक माणसे गेली. मी त्या वेळी जवळच्याच शाखेत होतो. पुढील दोन-तीन महिने मृत खातेदारांचे दावे माझ्या मेजावर येत राहिले. अल्पबचतीची खाती, शिल्लक कुठे चारशे, कुठे नऊशे रुपये. एका पासबुकाला सुकलेली माती होती. ती झटकून पाने मोजताना मला शिपायाकडे पाहवेना. वारसाचे नाव लिहिलेला इसमही त्याच यादीत होता. पुढे ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेच्या आसपास जीव गेले. निसारचे उड्डाण बरोबर अकरा वर्षांनी, त्याच तारखेला झाले. हा योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये. पण माझ्यासारख्याला तो विसरता येत नाही.

रडारामुळे असा कडा कधी कोसळेल ते सांगता येईल, असा दावा कोणी करू नये. एका रात्रीच्या पावसाने एकाएकी सुटणारी दरड बारा दिवसांच्या फेरीत सापडेलच असे नाही. पण जो उतार महिनोन्महिने कणाकणाने सरकतो, तो दिसू शकतो. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांची रडारमाहिती तर २०१४ सालापासून खुलीच आहे. प्रश्न असा की ती वाचणारा माणूस आपल्या वॉर्डात कोण? कॅलिफोर्निया, अहमदाबाद आणि बंगळूर यांच्यात माहिती गेली-आली. बंगळूरपासून घाटकोपरच्या टेकडीपर्यंतचे शेवटचे अंतर कोणत्या करारात लिहिलेले आहे?

खोडदहून निघताना नारायणगावात चहाला थांबलो, तेव्हा एका टोमॅटो उत्पादक शेतकऱ्याशी गाठ पडली. दुर्बिणीचा विषय निघताच तो म्हणाला, "तुम्ही बघून आलात, छान. पण आमची रेल्वे गेली ना." पुणे-नाशिक रेल्वेचा या भागातून जाणारा आधीचा मार्ग दुर्बिणीला होणाऱ्या व्यत्ययाच्या कारणाने बाजूला ठेवला गेला, याची त्या पट्ट्यात नाराजी आहे. मी त्याला शियापारेल्लीची गोष्ट सांगू लागलो. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली, आणि विचारले, "त्या युरोपवाल्यांना माहीत आहे का, की आमची गाडी त्यांच्यासाठी थांबली?" मजजवळ उत्तर नव्हते. मोबाइल बंद करताना मला जे हसू आले होते, ते आठवून संकोच वाटला.

मागील रविवारी पुतणी घरी आली ती संगणक घेऊनच. सेंटिनेलच्या संकेतस्थळावर तिने विनामूल्य खाते उघडले होते आणि मुंबईच्या पूर्व उपनगरांचा एक तुकडा उतरवून घेतला होता. पडद्यावर इंद्रधनुष्यासारखे रंगांचे पट्टे होते. पवईचे तळे तेवढे मला ओळखता आले. तिने घाटकोपरच्या टेकडीवर बोट ठेवले. एक ठिपका, त्याच्यापुढे आकडा: उणे १.४.

"काका, जमीन खचली की काय इथे?"

मी चष्मा लावला. "कशात आहे हा आकडा? सेंटिमीटर?"

ती थोडा वेळ शोधत राहिली. मग फाइलच्या अगदी माथ्यावर, लहान अक्षरांत, सापडले. ते रेडियन होते, लहरीच्या कोनाचे माप. आणि उण्याचा अर्थ जमीन उपग्रहापासून दूर गेली की जवळ आली, हे कोणती फेरी आधी धरली त्यावर अवलंबून होते. तिने वही काढली आणि रूपांतराचे सूत्र लिहू लागली. मी चहा ठेवायला आत गेलो.